जागल्या धुऱ्यावर, दिवाणजी गादीवर



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक कॅमेरेवाला येऊन गेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत कागद आणि तोंडी एकच वाक्य : "आमचा कॅमेरा नुसता पाहत नाही, विचार करतो." गटाला दोन कामं करून घ्यायची आहेत. जंगलाकडच्या वावरांवर तीन कॅमेरे, कारण रानडुकरांनी आणि रोह्यांनी तिकडे ज्वारीचं नाव ठेवलेलं नाही. आणि जिथे कापूस उतरतो, मोजला जातो, गंजी लागते, त्या आवारात आठ. या गृहस्थांनी अकराही कॅमेरे एकाच कागदावर, एकाच ठोक भावात लिहून आणले होते. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, "साहेब, हा विचार करतो म्हणता, पण कुठं बसून करतो?" सगळे हसले. कॅमेरेवालाही हसला. उत्तर मात्र त्याने दिलं नाही.

त्या बैठकीत कामाचा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला असं माझं मत आहे. जिल्ह्यात आणखी पाचपन्नास गट हीच खरेदी करायला निघाले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कॅमेरा चित्र काढतो, सेकंदाला साधारण पंचवीस. त्या चित्रात डुक्कर आहे की कुत्रं, गाडी भरलेली आहे की रिकामी, हे ओळखणं हे वेगळं काम, त्याला संगणक लागतो. तो संगणक तीन ठिकाणी असू शकतो. एक, कॅमेऱ्याच्या पोटातच किंवा त्याच खांबावरच्या पेटीत. याला ते लोक 'एज' म्हणतात. एज म्हणजे कड, आपल्या भाषेत धुरा. दुसरं, आपल्याच आवारातल्या एखाद्या खोलीत, जिथे सगळ्या कॅमेऱ्यांच्या तारा येऊन मिळतात. याला नाव 'ऑन-प्रिमायसेस'. तिसरं, दूर कुठेतरी कंपनीच्या मालकीच्या संगणकांच्या गोदामात, त्याला 'क्लाउड' म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. कोरडवाहू शेतकऱ्याला ढगाचा भरवसा किती धरायचा हे कोणी शिकवायला नको.

तिसऱ्याचा हिशेब पटकन उरकतो. बऱ्यापैकी स्वच्छ चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट माहिती तयार करतो. आठ कॅमेऱ्यांचे ३२ मेगाबिट. एवढी माहिती दिवसरात्र, अखंड, गावातून बाहेर पाठवत राहायची. आमच्या गावी भर दुपारी व्हॉट्सॲपचा फोटो जाताना तीनदा गोल गोल फिरतो. शिवाय दरमहा भाडं. ते भरलं नाही की कॅमेरे आपले आणि डोळे बंद. तेव्हा हा पर्याय बाजूला ठेवतो. खरा प्रश्न पहिल्या दोनांतला आहे : मेंदू धुऱ्यावर ठेवायचा की आवारात?

आपल्याला ही निवड नवी नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर जागल्या बसतो. पाखरू आलं, गोफण फिरवली. डुक्कर आलं, डबा वाजवला, हाक दिली. तो गावात येऊन पाटलाला विचारत नाही की हाक देऊ का. त्याचं ज्ञान थोडं, पण जागच्या जागी. आणि रात्री काय काय झालं त्याची वही तो ठेवत नाही. सकाळी विचारलं तर म्हणेल, "आले होते दोनचार, हाकलले." याच्या उलट जिनिंगच्या गादीवरचा दिवाणजी. तो हाक मारणार नाही, धावणार नाही. पण माघ महिन्यात तुम्ही जाऊन विचारलंत की दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझी गाडी किती भरली, तर तो वही उलटून सांगेल. एज म्हणजे जागल्या, ऑन-प्रिमायसेस म्हणजे दिवाणजी. कॅमेरेवाल्याने आमच्यासमोर अकराही जागा एकाच माणसाने भरायचं ठरवलं होतं.

आधी वावराचं पाहू.

ज्वारी आपल्या भागातून का गेली याची कारणं मी पुन्हा उगाळत नाही. भाव, मजुरी, पाखरं, सगळं आहेच. पण जंगलाच्या कडेच्या गावात शेवटचा घाव डुकरांनी घातला. एका रात्रीत कळप शिरला तर खाण्यापेक्षा लोळून नासाडी जास्त. तिथे हाक सेकंदात हवी. पहाटे पाच वाजता मोबाइलवर 'काल रात्री १ वाजून ४० मिनिटांनी प्राणी दिसला' असा निरोप आला तर त्याचा उपयोग पंचनाम्याला होईल, ज्वारीला होणार नाही.

आता तार ओढून कॅमेऱ्याचं चित्र आवारातल्या संगणकापर्यंत आणायचं म्हटलं, तर कॅमेऱ्याची जी नेहमीची तार असते, जिच्यातून वीज आणि चित्र दोन्ही जातं, ती १०० मीटरपर्यंतच धड चालते. १०० मीटर म्हणजे ३२८ फूट. पाच एकराचं चौरस वावर घेतलं तर त्याची एक बाजूच १४२ मीटर भरते. म्हणजे वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंतही तार पुरत नाही, गावापर्यंतची गोष्टच सोडा. वीज म्हणाल तर शेतीच्या वाहिनीवर ती ठरावीक तासच असते, आणि कोरडवाहूच्या अर्ध्या वावरांत खांबच नाही.

म्हणून इथे जागल्याच पाहिजे. कॅमेऱ्यातच छोटा मेंदू, वर सौर पाटी, खाली बॅटरी. विजेचा हिशेबही करून पाहिला. कॅमेरा आणि त्याची पेटी मिळून ८ वॅट खात असतील तर चोवीस तासांत १९२ वॅट-तास. १०० वॅटच्या पाटीवर दिवसाला चार तास कडक ऊन धरलं तर ४०० मिळतात. जमलं, पण आकाश स्वच्छ असेल तोवर. दिवाळीच्या तोंडावर तीन दिवस झड लागली की संपलं. म्हणून शहाणे कॅमेरे सतत जागत नाहीत. समोर काही हललं, ऊब जाणवली की उठतात, चित्र काढतात, ओळखतात आणि पुन्हा झोपतात. मध्य प्रदेशातल्या कान्हा-पेंच पट्ट्यात २०२२ साली 'ट्रेलगार्ड एआय' नावाचे असे कॅमेरे वाघासाठी लावून पाहिले. कॅमेराच चित्रातला प्राणी ओळखतो आणि कामाचं तेवढंच चित्र मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतो, तेही साधारण अर्ध्या मिनिटात. त्याचा शोधनिबंध २०२३ साली 'बायोसायन्स' या नियतकालिकात आला. ते जंगल आपल्याला परकं नाही, पेंचचा अर्धा संसार नागपूर जिल्ह्यात आहे.

कापसातही असं एक उदाहरण आहे. कामगंध सापळ्यात पडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायला वाधवानी एआय या संस्थेने मोबाइलचं ॲप केलं. फोटो काढायचा, मोजणी फोनमध्येच होते, वावरात रेंज नसली तरी अडत नाही. त्यासाठी त्यांना मोठा मेंदू कापून कापून लहान करावा लागला. तो व्हिडिओ नव्हे, साधा फोटोच, पण धडा तोच : वावरातलं काम वावरात उरकलं पाहिजे.

जागल्याची उणीही सांगतो, नाहीतर मीही त्या इस्त्रीच्या शर्टातला ठरेन. लहान मेंदू चुकतो. धुकं असलं, पऱ्हाटी छातीभर वाढली, कुत्रं अर्धं झाकलं गेलं की त्याचा गोंधळ होतो. पाच रात्री खोटी हाक आली की सहाव्या रात्री कोणी उठत नाही. भोंग्याला डुकरंही सरावतात, हे झटका मशीन वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी माणसालाच उठावं लागतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून चढतो, त्यात चिप मंदावते नाहीतर मरते. तेव्हा पीक निघालं की पेट्या उतरवून घरात ठेवाव्यात. आणि खांबावरून कॅमेरा चोरीला गेला की डोळाही गेला, मेंदूही गेला, आत साठवलेलं चित्रही गेलं. तरीसुद्धा वावरासाठी माझं मत जागल्यालाच आहे.

आता आवार. इथे माझं मत अगदी उलट आहे, आणि त्याला माझं स्वतःचं एक दुखणं कारण आहे.

दोन हंगामांपूर्वी मी एका खाजगी जिनिंगला कापूस घातला. वाटेत धर्मकाट्यावर गाडी मोजली होती. जिनिंगच्या काट्यावर चाळीस किलो कमी भरली. गर्दी होती, रात्र झाली होती, मी काटापट्टी खिशात टाकली आणि घरी आलो. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या तोवर आठ दिवस गेले. नवव्या दिवशी जाऊन म्हटलं, काट्यावर कॅमेरा आहे, त्या रात्रीचं चित्र दाखवा. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "काका, सात दिवसांचंच राहतं. पुढचं आपोआप पुसतं." तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. यंत्र तसं लावलेलं असेल. चाळीस किलोचे २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८,११० ने, ३,२४४ रुपये होतात. तेवढ्यात घरातल्या बाईची वेचणीची चार दिवसांची मजुरी धरा, फवारणीचा एक डबा धरा. पैशापेक्षा मला लागलं ते हे, की माझ्या गाडीचं चित्र काढलं गेलं होतं आणि ते माझ्या कामी आलं नाही.

काटा, ओलावा, प्रत या तीन ठिकाणी शेतकरी लुटला जातो हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, त्यावर कापूस परत. एक टक्का म्हणजे क्विंटलमागे ८१ रुपये. वीस क्विंटलच्या गाडीला सोळाशेच्या वर. मापकाचा आकडा काय होता यावर वाद झाला तर कॅमेऱ्याने 'काही संशयास्पद नाही' असा निर्वाळा देऊन चित्र फेकून दिलेलं चालणार नाही. हाक नको, वही हवी. तेव्हा पुसून टाकणारा जागल्या इथे कामाचा नाही. पूर्ण चित्रण जपणारा, मागे जाऊन पुन्हा पाहू देणारा दिवाणजी हवा. एज कॅमेऱ्याला आपण आज जो प्रश्न शिकवू तेवढ्याचंच उत्तर तो साठवतो. उद्या नवा प्रश्न पडला, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या गाड्या रात्री नऊनंतर आत आल्या वगैरे, तर मूळ चित्रणच नसेल आणि विचारणार कोणाला?

कायद्याचीही बाजू आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे यंत्रातली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या नमुन्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. चित्रणात एक टिंब बदललं तरी अंगठा बदलतो. मूळ फाइल आपल्याच आवारात, आपल्याच पेटीत असेल तर हे करता येतं.

जागा किती लागेल तेही मोजलं. ४ मेगाबिटने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो. आठांचे ३४५, महिन्याचे दहा टेराबाइटच्या वर. नव्या पद्धतीने चित्र दाबलं तर हे जवळपास निम्म्यावर येतं. हंगामात मी ४५ दिवस ठेवावेत म्हणतो. सात दिवसांचा अनुभव मी घेतला आहे. हिशेब मिटेपर्यंत चित्र राहिलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

दिवाणजीलाही खायला लागतं. मोठा सर्व्हर ४०० वॅट खाणारा घेतला तर दिवसाला साडेनऊ युनिट, महिन्याला पावणेतीनशेच्या वर. आठ कॅमेऱ्यांना इतका हत्ती लागत नाही. ४० वॅटच्या आसपासची पेटी पुरते, ती दिवसाला एक युनिट खाते, आणि भारनियमनात साध्या बॅटरीवर काही तास निघते. विकणारा हत्ती दाखवील, आपण पेटी मागावी. खोली बंद असावी. जिनिंगच्या हवेत रुईचं तूस उडतं, ते पंख्यात जाऊन बसलं की यंत्र तापून मरतं. आणि दुसरी तबकडी दुसऱ्या इमारतीत ठेवा. कचेरी जळाली तर वहीही जळते.

आगीवरून आठवलं. कॅमेरेवाला म्हणाला होता, "गंजीला आग लागली की आमचा कॅमेरा लगेच सांगेल." कापसातून दगड नाहीतर लोखंडाचा तुकडा आत गेला की ठिणगी पडते आणि कापूस आतल्या आत धुमसत राहतो. कॅमेऱ्याला धूर दिसेल तो वर आल्यावर. नसण्यापेक्षा बरा एवढंच. पाण्याची टाकी भरलेली ठेवायला पर्याय नाही.

माझा पुतण्या पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने हे वाचून आक्षेप घेतला की काका, दोन वेगळे मेंदू कशाला, वावरातून बिनतारी दुवा टाका, सगळं चित्र आवारातल्या एका पेटीत आणा. जिथे मधे टेकडी नाही, झाडं नाहीत, आणि वावरात वीज आहे, तिथे हे चालेल, मी मान्य करतो. आमच्याकडे तिन्हींपैकी एकही नाही. पण त्याच्या बोलण्यातून मी एक गोष्ट उचलली. धुऱ्यावरच्या जागल्याने हाक द्यावी आणि डुक्कर दिसलं त्या दहा सेकंदांचं चित्र दिवाणजीकडे पाठवावं. दहा सेकंदांचे ५ एमबी होतात. रात्रीचे वीस प्रसंग धरले तरी १०० एमबी, तेवढं रेंज आली की जातं. वनखात्याकडे नुकसानभरपाई मागताना तारीख-वेळेसकट चित्र हाती राहील.

आणखी एक. आपण आजवर दुसऱ्याच्या काट्याकडे बोट दाखवत आलो. आता काटा आपला, कॅमेरा आपला. उद्या आपलाच एखादा सभासद नवव्या दिवशी दारात उभा राहिला तर त्याला काय सांगणार? म्हणून किल्ली कोणाच्या हातात हे खरेदीआधी ठरलं पाहिजे. अध्यक्षाच्या एकट्याच्या मोबाइलवर नको. दोघांकडे, आणि त्यातला एक पदाधिकारी नसलेला. सभासदाने मागितलं तर त्याच्या गाडीचं चित्र त्याच्यासमोर उघडायचं. विक्रेत्याने येताना ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. २०१६ साली 'मिराय' नावाच्या विषाणूने जगभरचे लाखभर कॅमेरे याच आयत्या पासवर्डांच्या जोरावर ताब्यात घेतले होते. एप्रिल २०२५ पासून देशात कॅमेरा विकायला सुरक्षेची चाचणी लागते, तो दाखला मागावा. दाखला बघायला मागितला म्हणून कोणी रागावत असेल तर रागावू द्या.

आणि वेचणीच्या बायांवर कॅमेरा फिरवायचा नाही. बैठकीत एकाने हळूच सुचवलं की तेच कॅमेरे दिवसा बायांची हजेरीही घेतील, चेहरा ओळखतात म्हणे. मला हे पटत नाही. डुकरासाठी आणलेला जागल्या मुकादम व्हायला वेळ लागत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण कायदा नसता तरी ज्यांच्या हाताने आपला कापूस घरात येतो, त्यांच्या चेहऱ्यांची वही आपण आपल्या पेटीत ठेवावी हे शोभत नाही.

काही भाऊ म्हणतील, भाव नाही, पाणी नाही, आणि हा कॅमेऱ्याचं पुराण लावून बसला. त्यांचं चुकतं असं नाही. पण कॅमेरे येणारच आहेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतल्या एआयचं चार वर्षांचं धोरणही मंजूर केलं आहे. योजना आली की ठोक भावाचे कागद घेऊन इस्त्रीचे शर्ट गावोगाव फिरतील, आणि अनुदानाच्या नादात जागल्याच्या जागी दिवाणजी आणि दिवाणजीच्या जागी जागल्या बसेल. ठिबकच्या अनुदानात आपण काय काय पाहिलं ते आठवा.

येत्या बैठकीत मी आमच्या गटातर्फे असा ठराव मांडणार आहे : वावरावर तीन कॅमेरे, मेंदू त्यांच्यातच, सौर पाटीवर, आवारात आठ, तारेने एका पेटीला जोडलेले, ४५ दिवसांचं चित्रण, दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. दोन्हींचे भाव वेगवेगळ्या कागदांवर. त्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं आहे. येताना त्यांनी एक कॅमेरा सोबत आणावा असं कळवलं आहे. म्हातारबुवा इंटरनेटची तार उपटणार आणि समोरून गावातलं कुत्रं सोडणार. कॅमेरा त्याला डुक्कर म्हणतो की कुत्रं, ते सगळ्यांसमोर पाहायचं, आणि मग भावाचं बोलायचं.